खाली दवाखाना आहे

जागा बघायला गेलं की माणसं नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात, ऊन कुठून येतं ते बघतात. सुनीतीची नजर आधी रस्त्यावर फिरायची. दवाखाना कुठं आहे, रिक्षा कुठं उभ्या राहतात, आणि मूल कडेवर घेऊन पळायची वेळ आली तर जिना पळण्यासारखा आहे का.

तिच्या नवऱ्याची, यज्ञेश्वरची, बँकेतून सांगलीहून पुण्याला बदली झाली, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. सुनीतीनं शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि तिसऱ्या घरी, डॉक्टरांकडे, पेढा देऊन झाल्यावरही ती दारातच रेंगाळली. त्या घरापासून लांब जायचं होतं. त्यांची मुलगी जुई चार वर्षांची होती आणि ताप चढला की तिला फिट यायची. आजवर दोनदा आली होती. दोन्ही वेळा सुनीती तिला उचलून अनवाणी त्या तिसऱ्या घरात धावली होती. डॉक्टर म्हणाले होते, तापाच्या फिट आहेत, घाबरू नका, पाच-सहा वर्षांची झाली की आपोआप थांबतील. सुनीती बी.एस्सी. झालेली होती, तिला ते पटलंही होतं. पण पोरीचे डोळे वर गेलेले तिनं पाहिले होते, आणि ते एकदा पाहिल्यावर पटण्या-न पटण्याचा प्रश्न राहत नाही.

निघताना सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "हे बघ, तिथं सगळी नवी माणसं. कुणाकडं बोलू नकोस. मुलीची जात आहे. वीस वर्षांनी लग्न ठरायच्या वेळी नेमकं कुणाला तरी आठवतं."

सुनीतीनं मान डोलावली होती. तिलाही तसंच वाटत होतं.

पुण्यात रविवारी दोन जागा बघायच्या होत्या. सकाळची नारायण पेठेत होती. इमारत तीन मजली, पुण्यातल्या मोठ्या पुरानंतर बांधलेली. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक गॅलरी आणि तिच्यावर ओळीनं उघडणारी बिऱ्हाडं. खोल्या दोन आणि स्वयंपाकघर, तेही अंधारं. पण तळमजल्यावर दवाखाना होता. आत बाकावर पेशंट बसले होते, औषधांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. तो वास छातीभर घेतल्यावर सुनीतीला गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

मालकीणबाई आनंदीबाई शेजारच्याच बिऱ्हाडात राहत. पातळाचा पदर खोचून त्या दारात उभ्या होत्या.

"सांगलीचे का? म्हणजे आवाज मोठे असणार."

यज्ञेश्वर हसला. आनंदीबाई हसल्या नाहीत.

"मुलगी मलूल दिसते."

"प्रवासानं," सुनीती म्हणाली. जुईला कालपासून सर्दी होती. सुनीतीनं सकाळपासून कितीदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता ते तिचं तिलाच ठाऊक.

"काही दुखणंबिखणं?"

"छे. तशी ठणठणीत आहे."

यज्ञेश्वर गॅलरीचा कठडा हलवून बघायला लागला. कठडा पक्का होता.

"विचारते एवढ्यासाठी," आनंदीबाई म्हणाल्या, "की आधीच्या बिऱ्हाडात मुलाला फेफरं यायचं. वर्षभर राहिले. मग गेले बिचारे."

"का गेले?" सुनीतीनं विचारलं.

"आम्ही काही बोललो नाही हो त्यांना. एक शब्द नाही."

सुनीतीनं गॅलरीतल्या बाकीच्या दारांकडे पाहिलं. एका दारात कुणी तांदूळ निवडत होतं, एका दारात पेपर उघडला होता. पेपर बराच वेळ त्याच पानावर होता. इथं फिट आली तर ती या सगळ्या दारांसमोर येणार. कुणी एक शब्द बोलणार नाही. आणि एक दिवस आपणही बिचारे होऊन जाऊ.

जिना उतरताना यज्ञेश्वर म्हणाला, "आवडली का?"

"खाली दवाखाना आहे," सुनीती म्हणाली.

दुसरी जागा कात्रजच्या अलीकडे होती. स्वारगेटला बस बदलली, ती पद्मावतीपर्यंत भरलेली होती, मग रिकामी होत गेली. घरं विरळ झाली, मधून मधून ज्वारीचे तुकडे दिसायला लागले. यज्ञेश्वरला ही जागा मनातून हवी होती. नवीकोरी इमारत, हवा, उजेड, बँकेचं कर्ज मिळणार, पुढंमागं स्वतःचं घर.

जयसिंग नावाच्या शेतकऱ्यानं स्वतःच्याच शेतात ती इमारत उभी केली होती. मागं त्याचं जुनं घर, गोठा, अंगणात दुधाच्या कॅनांची जीप. इमारतीत अजून एकही बिऱ्हाड आलेलं नव्हतं. फ्लॅटच्या खिडक्यांतून डोंगर दिसत होता. फरशीवर चुन्याचे डाग होते आणि बोललं की आवाज घुमत होता.

"इथं तुमाला कुनाचा तरास न्हाई," जयसिंग म्हणाला. "दार लावलं की आपलं राज्य."

सुनीती त्या रिकाम्या खोलीत उभी राहिली आणि तिला भलताच मोह झाला. इथं कुणी बघणार नाही. वीस वर्षांनी आठवायलाही कुणी असणार नाही. दार लावायचं आणि...

आणि काय? तिनं खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता पांढरा, रिकामा. एक सायकल लांबून येत होती, ती यायला किती वेळ लागतोय ते ती बघत राहिली.

"डॉक्टर कुठं आहेत इथं?"

"हायेत की. गावात एक येतो, मंगळवारी."

त्याच वेळी जुईनं तिच्या मांडीला डोकं टेकलं. साडीतूनसुद्धा ते कढत लागलं.

पर्समध्ये थर्मामीटर होता, तापाचं औषध होतं. तिनं औषध पाजलं. जुईनं ते लगेच ओकून टाकलं. यज्ञेश्वर बस बघायला रस्त्यावर गेला आणि हात हलवत परत आला. बस इतक्यात नव्हती. जयसिंगची आई मुक्ताबाई लगबगीनं आली, "घरात आना पोरीला, हितं फरशी गार हाय" म्हणाली, आणि त्यांना मागच्या घरात घेऊन गेली.

सुनीती ओल्या रुमालानं पोरीचं कपाळ पुसत होती आणि मनात एकच घोकत होती, इथं नको, आत्ता नको. लोकांसमोर नको असंही त्यात होतं. नंतर तिला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

जुईची मूठ वळली. मग दुसरी. डोळे वर गेले आणि अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं.

"अगं बया," मुक्ताबाई म्हणाली. "शकू, कांदा आन गं. न्हाईतर पायतान आन."

सून धावली. यज्ञेश्वर दारात खांबासारखा उभा. सुनीतीला वाटलं होतं की अशा वेळी तिचा आवाज फुटणार नाही. पण तो फुटला, आणि अगदी साधा फुटला.

"काही नको. हुंगवायला काही नको, तोंडात काही घालायचं नाही. फक्त कुशीवर वळवायचं. तुम्ही पाठीला हात द्या."

मुक्ताबाईनं हात दिला. खरबरीत, मोठा हात पोरीच्या इवल्या पाठीमागं भिंतीसारखा राहिला. जुईच्या तोंडातून लाळ गळत होती. सुनीती मोजत नव्हती, फक्त बघत होती. मग झटके विरळ झाले, थांबले, आणि श्वास घरघरत का होईना, सुरू झाला.

"हिला येतंच का असं?" मुक्ताबाईनं हळूच विचारलं.

"येतं. तापात येतं."

"देवाचं हाय का डागदरचं?"

"डॉक्टरांचं."

"मग बसलीस काय? जयसिंगा, जीप काढ."

कॅन अंगणात उतरवून जीप निघाली. जुई मांडीवर गाढ झोपली होती. या झोपेची सुनीतीला फिटइतकीच भीती वाटायची. ती दर खड्ड्याला पोरीच्या नाकाशी बोट धरत होती. रस्ता संपतच नव्हता. स्वारगेटच्या अलीकडे बैलगाड्या, ट्रक आणि बस एकमेकांत अडकल्या होत्या. जयसिंग हॉर्न वाजवत राहिला, कुणी जागचं हललं नाही. पुन्हा आली तर? इथं, या धुरात?

"कुठं घ्यायची?" जयसिंगनं विचारलं.

पुण्यात तिला एकच डॉक्टर माहीत होते. "नारायण पेठ," ती म्हणाली. "खाली दवाखाना आहे."

ते पोचले तेव्हा दिवे लागले होते. यज्ञेश्वर उडी मारून उतरला आणि तिथंच थबकला. दवाखान्याचं शटर खाली होतं. मोठं कुलूप लावलेलं होतं.

रविवार संध्याकाळ. सकाळी तिनं जिना बघितला, रस्ता बघितला, बाकावरचे पेशंट बघितले. दवाखाना कधी बंद असतो हे तिनं विचारलंच नव्हतं. डॉक्टर इथं राहतात असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते तिनं आपलं आपणच धरून चाललं होतं.

"काय झालं?" वरून आवाज आला. कठड्यावर रेलून आनंदीबाई बघत होत्या.

"काही नाही," यज्ञेश्वर म्हणाला. "जरा ताप आलाय." सवयीनं आलं ते त्याच्या तोंडून.

गॅलरीत आणखी दोन-तीन डोकी दिसायला लागली होती. समोरच्या इमारतीतही. सुनीतीनं सगळ्यांकडे पाहिलं. सकाळचं "ठणठणीत आहे" तिला आठवलं. मांडीवरच्या पोरीच्या मुठीत तिचं बोट होतं, आणि ती मूठ पुन्हा आवळतेय की काय असं तिला वाटलं.

"तिला फिट आली," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "ताप चढला की तिला फिट येते. ही तिसरी. मी सकाळी खोटं बोलले. डॉक्टर कुठं राहतात?"

आनंदीबाई मागं वळल्या.

"श्याम, स्कूटर काढ. डॉक्टरांना घरून घेऊन ये, जेवत असले तरी." मग पुन्हा खाली वाकून, "आणि तुम्ही रस्त्यात काय थांबलात? वर या. आवाज मोठाच आहे तुमचा."

श्याम त्यांचा मुलगा. शर्टाची बटणं लावत तो जिना उतरला. कुणी बर्फाचं भांडं आणलं, कुणी पंखा ओढून लावला. जयसिंग दारात उभा राहून विचारत होता, थांबू का, पुढं कुठं न्यायची झाली तर जीप हाय. डॉक्टर आले, त्यांनी जुईचा घसा पाहिला, इंजेक्शन दिलं. "कुशीवर ठेवलंत, तोंडात काही कोंबलं नाहीत, बरं केलंत," म्हणाले. "पण मी इथं रात्रीचा नसतो. त्या भरवशावर जागा घेऊ नका."

डॉक्टर गेल्यावर जुईनं डोळे उघडून पाणी मागितलं. सुनीती तेव्हा पहिल्यांदा रडली. आनंदीबाई तिच्याकडे न बघता बर्फाचं पाणी मोरीत ओतत होत्या.

"आधीचे लोक," सुनीतीनं डोळे पुसत विचारलं, "ते खरंच का गेले?"

आनंदीबाईंनी भांडं विसळलं.

"त्यांनी आम्हाला कधी सांगितलंच नाही. पोराला फेफरं आलं की बाई आतून कडी लावायच्या. आम्हाला सगळं ऐकू यायचं. भांडी पडायची, त्या एकट्याच काहीतरी बोलत असायच्या. आम्ही दाराआड उभे. जावं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून नाही गेलो. मग एक दिवस सामान हललं." त्यांनी भांडं पालथं घातलं. "एक शब्द बोललो नाही, तो असा."

सुनीतीला कात्रजची ती घुमणारी खोली आठवली. दार लावलं की आपलं राज्य. आतून कडी लावलेली बाई तिला दिसली, आणि तिच्या अंगावर तिचीच साडी होती.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वर स्वतःच म्हणाला, "ती वाट मला पुन्हा जीपमधून बघायची नाही." जयसिंगला नकार कळवायला तो गेला, तेव्हा मुक्ताबाईनं जुईसाठी खरवस दिला.

पेठेतली जागा ठरली, आणि सामान यायच्या आदल्या दिवशी सुनीती जुईला घेऊन तिथं आली. सगळ्यांना सांगितलंस तर आईला काय वाटेल, असं यज्ञेश्वरनं एकदा विचारलं, पण अडवलं नाही. गॅलरीतली दारं तिनं एकेक करून वाजवायला घेतली.

पहिल्या दारात त्या दिवशी पेपर उघडून बसलेले गृहस्थ होते, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुशीवर म्हणजे डाव्या की उजव्या?"

"कुठल्याही चालतं."

"मग तसं स्पष्ट सांगावं. माणसं ऐन वेळी विचार करत बसतात."

दुसऱ्या दारातल्या बाईंनी तिला आत बोलावून कॉफी पाजली आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सगळं सांगितलं. तिसऱ्या दारात तिच्याच वयाची एक आई होती. "फिट" हा शब्द ऐकताच तिचा हात मागं गेला आणि तिनं आपल्या मुलाला पदराआड ओढलं.

"ते एकमेकांना लागतं का?"

"नाही. तसलं नाही ते."

"बरं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

सुनीती तिथंच उभी राहिली. वीस वर्षांनी आठवणारं माणूस कोणतं असेल तर ते हेच, असं तिला वाटलं.

तिनं मागं वळून पाहिलं. गॅलरीच्या टोकाला जुई जमिनीवर पडली होती. डोळे मिटलेले, एक मूठ वळलेली. आनंदीबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसत होत्या, आणि दुसऱ्या दारातल्या बाई म्हणत होत्या, "असं नाही, पाठीला आधार द्या."

सुनीती धावत गेली आणि तिनं जुईच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

जुईनं एक डोळा उघडला. "आई, तू जा ना. आजी शिकतेय."

"उठा आता," आनंदीबाई म्हणाल्या, "माझी पाठ धरली. एकदा वळवलं ते पुरे. जमलं."

सुनीती उठली. जुईचा फ्रॉक तिनं झटकला, उगाच, दोनदा. मग ती गॅलरीतून परत त्या बंद दारापाशी गेली. आतून मुलाचा आवाज येत होता, काहीतरी विचारत होता. आईचं उत्तर ऐकू आलं नाही.

सुनीतीनं कडी वाजवली.