कल कपबशीकडे

कपबशी. शिलाई मशीन.

प्रश्न नववा : घरी अचानक पाहुणे आले तर तुम्ही काय कराल? (अ) बंद पंखा उघडून बघाल. (ब) त्यांच्याशी गप्पा माराल. (क) त्यांना काय हवंय ते न विचारता ओळखाल. (ड) मागच्या दारानं खेळायला जाल.

कॅरिअर म्हणजे सायकलच्या मागचं. डबा बांधायचं.

नागप्पांच्या किराणा दुकानातला तराजू रिकामा असतानाही जरासा डावीकडे झुकतो. त्याला तो कल आहे, असं नागप्पा म्हणतात. गिऱ्हाईक दुसरा शब्द वापरतं.

‘सकाळी चहा, संध्याकाळी चहा, कपबशीवर शिक्का मारून पाहा!’

हे सगळं सिरसाळ्यात, एकाच आठवड्यात. साल सत्त्याण्णव, झेडपीची निवडणूक तोंडावर. शाळेतले शहादेव सर बीडला प्रशिक्षण घेऊन ‘करिअर मास्टर’ होऊन परतले होते. दहावीच्या मुलांनी पुढं काय शिकावं, हे त्यांनी आता सांगायचं होतं. सर सायकलवरून येत-जात, म्हणून गावानं त्यांचं लगेच कॅरिअर मास्तर केलं. सरांनी फाटकाजवळच्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं : उद्या कल चाचणी.

तो फळा सुंदररावांनी जीपमधून वाचला. सुंदरराव अपक्ष उभे होते. चिन्ह कपबशी. दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले आणि तिसऱ्या दिवशी थेट सरांच्या खोलीत.

“मास्तर, कल घेतला म्हनं तुमी.”

“घेतला ना. सगळ्या दहावीचा.”

“म्हंजी घराघरातला आला की! मंग? कुनाकडं हाय?”

“मुलांचा म्हणाल तर बराचसा यंत्राकडं.”

सुंदररावांनी टोपी काढली. “यंत्र म्हंजी मशीन?”

“मशीनच. आणि मुलींमध्ये निम्म्या तर शिलाई मशीनकडं.”

शिलाई मशीन हे विरोधी उमेदवार विजयसिंहांचं चिन्ह. सुंदरराव खुर्चीत बसले. खुर्चीवर भूगोलाचा गोल होता, तो त्यांनी मांडीवर घेतला.

“कपबशीकडं कुनीच न्हाई?”

हॉटेलधंद्याला सुंदरराव गमतीनं कपबशी म्हणतायत, असं सरांना वाटलं. त्यांनी उत्तरपत्रिका चाळल्या. “आहे की एक. नागप्पांची ईश्वरी. तिचा कल सरळ कपबशीकडं. म्हणजे असं बघा—”

म्हणजे ऐकायला सुंदरराव थांबले नाहीत. गोलही घेऊन गेले.

*

ईश्वरीनं घरात फक्त आईला, शिवकांताला, सांगितलं होतं. औरंगाबादला दहावीनंतर एका वर्षाचा कोर्स आहे, सर म्हणाले. अजिंठा-वेरूळ बघायला जगभरातून माणसं येतात, मोठमोठ्या हॉटेलांत उतरतात. त्यांना काय हवं-नको ते बघायचं. मला तेच येतं गं. तेवढंच येतं.

येत होतंच. पंगतीत वाढताना कुणाला मीठ हवंय, कुणाचं पोट भरलंय पण बोलायला लाजतोय, हे तिला दुरून कळायचं.

“अप्पांना सांगू नकोस,” शिवकांता म्हणाली. “दुकानाला कुलूप लावून बसतील.”

अप्पांचं ठरलेलं होतं. बारावी, मग डीएड. नाहीतर लातूरचं स्थळ. आणि हॉटेल म्हणजे स्टँडवरचं, काळ्या फडक्याचं. अर्ज महिन्याभरात पाठवायचा होता. त्यावर वडिलांची सही लागत होती.

*

जीप दुकानासमोर थांबली तेव्हा नागप्पा शेंगदाणे जोखत होते. त्यांच्या गळ्यात हार पडला. भोंगा बोलू लागला :

“नागप्पाशेठच्या कन्येचा कल कपबशीकडं! जाहीर आभार! जाहीर—”

बाजाराचा दिवस. माणसं जमली. नागप्पांना घाम फुटला. विजयसिंहांच्या घरचा किराणाही त्यांच्याकडूनच जायचा.

“सुंदरराव, पोरगी सोळाची हाय. तिला मत कुठलं?”

“पोरीचा कल त्यो घराचा कल! शाळेत लिहून दिलंय तिनं.”

“ईश्वरे! काय लिवलंस गं?”

ईश्वरी दुकानाच्या मागच्या पडद्यातून बाहेर आली. सुंदररावांनी कौतुकानं माईक तिच्या हातात दिला. तिनं माईककडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं.

“हॉटेलात काम करायचंय, असं लिवलं.”

हे अख्ख्या बाजारानं ऐकलं.

“हॉटेलात?” नागप्पा ओरडले. “लोकाच्या उष्ट्या कपबशा इसळायला?”

तेही अख्ख्या बाजारानं ऐकलं.

समोरच्या दुकानातून बद्रीनाथ शिंप्यानं मशीनचं पायडल थांबवलं. तो जन्मजात शिलाई मशीनवाला. “ऐका रे! कपबशी उष्टी हाय म्हनं!”

हशा पिकला. सुंदररावांचा चेहरा पडला. “शेठ, शब्द माघारी घ्या. भर बाजारात? कपबशीत काय वाईट हाय?”

“मंग तुमच्या घरची पाठवा की.”

“पाठवीन! नात हाय माजी, संस्कृती. पाठवीन तिला.”

“तिसरं वरीस तरी सरलंय का बे तिचं?” बद्रीनाथ म्हणाला.

“सरू द्या, मंग पाठवतो!”

माईक आता ईश्वरीच्या हातात राहिला होता. तो खाली ठेवायचा हे तिला सुचलं नाही.

“अप्पा, मठात दासोहाची पंगत असती तवा उष्टी पानं कोन काढतं?”

नागप्पा पुन्हा शेंगदाणे जोखू लागले.

“सांगा की. पंगत जेवून उठली की कोन काढतं?”

“मीच काढतो.”

“कावून काढता? गडी हायेत की.”

“कावून म्हंजी? जेवनाऱ्यात शिव असतो. ती त्याची सेवा हाय.” हे नागप्पा वर्षानुवर्षं सांगत आले होते, छाती पुढं काढून. आताही निघाली.

“मंग मला औरंगाबादच्या कोर्सचा अर्ज भरायचाय, तिथल्या हॉटेलात जेवनाऱ्यात न्हाई का?”

“तिथं गोरे जेवत्यात, शेठ!” बद्रीनाथनं मध्येच टाकलं.

“गोऱ्यात पन हाय!” नागप्पा खेकसले.

शब्द तोंडातून गेला तो भोंग्यातून बाहेर आला, स्टँडपर्यंत गेला, परत आला. गोऱ्यात पन हाय. नागप्पांनी तो स्वतः ऐकला. मग हार सारखा केला, शेंगदाण्यांकडे बघितलं. तराजू अजून हातात होता. डावीकडे झुकलेला.

“अर्ज कुठाय?” ते हळू म्हणाले.

हे मात्र कुणी ऐकलं नाही. एवढा टाळ्यांचा गलका. पहिली टाळी बद्रीनाथची होती, असं शिवकांता सांगते.

*

जून. स्टँड. औरंगाबादची गाडी लागलेली.

ईश्वरीची ट्रंक शहादेव सरांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली. “आता खरा कॅरिअर मास्तर!” बद्रीनाथ म्हणाला. ट्रंकेत त्यानंच शिवलेले दोन ड्रेस होते.

नागप्पा कंडक्टरला सांगत होते, त्यानं विचारलं नसताना : “पोरगी कोर्सला चाललीय. हॉटेलच्या. मोठ्या हॉटेलच्या.”

सुंदरराव धापा टाकत आले. एका हातात शाळेचा गोल, दुसऱ्या हातात पेपरात गुंडाळलेली एक कपबशी. कपबशी ईश्वरीला दिली, गोल सरांना. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ईश्वरीनं त्यांच्यापुढं पाण्याची बाटली धरली.

“तुला कसं कळलं गं?” ते म्हणाले, आणि घटाघटा प्यायले.

गाडी निघाली. ते जोरजोरात हात हलवत राहिले, टोपीसकट.

निवडणूक मार्चमध्येच झाली होती. सुंदरराव पडले होते.