उंचावरची बटणं

पुण्याहून बंगळुरूला एका दमात पोचायचं, असं मी बजावलं होतं. तरी माझ्या बायकोनं, क्रांतीनं, वाटेत कुरुंदवाडला नदीकाठची खोली ठरवलीच. खोलीत शिरलो तर पंख्याचं बटण पार छताजवळ! पंखा लावायला स्टुलावर चढताना माझं डोकं फिरलं.

"हा कुठला शहाणपणा?"

घरमालकीण मेहमुदाचाची हसल्या. "पावणं, पुराचं पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलतं. सगळी बटणं खराब झाली, म्हणून नवी वर बसवली."

"मग घरच सोडा की!"

त्यांनी खिडकी उघडली. बाहेर संथ कृष्णा, पलीकडं हिरवागार ऊस.

"ही नदी बघायला तुम्ही वाट वाकडी करून आलाय. आन् मी सोडून जाऊ व्हय?"

मी पुन्हा स्टुलावर चढलो आणि पंखा बंद केला. नदीवरचा वारा पुरेसा होता.