बारा आत, अकरा बाहेर

माझी आजी सुंदराबाई हिने साठ वर्षांत फौजेच्या एकाही कागदावर अंगठा दिला नाही. बेचाळीस साली ती नवी नवरी असताना गोरे साहेब करंजपाड्याला आले, आमची भातशेती मोजली आणि धावपट्टीसाठी घेतली. लढाई संपली की सहा महिन्यांत परत, असं सांगून गेले. लढाई संपली, यथावकाश गोरेही गेले. जमीन मात्र एका फौजेकडून दुसऱ्या फौजेकडे गेली आणि आम्ही तारेच्या बाहेर राहिलो ते राहिलोच.

पुढे दर पाच-सात वर्षांनी कोणीतरी अधिकारी कागद घेऊन यायचा. भरपाई घ्या आणि ‘ताबा सोडला’ या ओळीखाली अंगठा द्या, एवढंच त्याचं म्हणणं. आजी त्याला चहा पाजायची, अंगठा द्यायची नाही. “मी निंगालेच नाय, त जमीन सोरली कशी?” असं विचारायची. अधिकारी चहा संपवून कागद तसाच परत न्यायचा. खरं सांगायचं तर आमच्याकडे तिच्या या हट्टापलीकडे फारसा पुरावा नव्हता. गावाचा प्रत्येक अर्ज तिच्या नावाने सुरू व्हायचा: सुंदराबाई हरिचंद्र भोईर व इतर. मी दहावी झाल्यापासून हे अर्ज माझ्याच अक्षरात गेले.

तारेच्या आत आमचं एकच उरलं होतं, ते म्हणजे मसण. नाल्याकाठी, आमच्याच जुन्या शेताच्या बांधाला. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत आजोबा वारले, तेव्हा पहाऱ्यावरच्या शिपायांनी टोप्या काढून वाट दिली होती म्हणतात. माझ्या वेळचे पहारेकरीही तोंडओळखीचे होते, तिरडी दिसली की फाटक उघडायचे. मला तिथंच जाळा, एवढं आजीने सांगून ठेवलं होतं.

ती गेली ती दोन हजार दोनच्या मे महिन्यात. सरहद्दीवर पाच महिने फौजा समोरासमोर उभ्या होत्या. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स कापतो. त्या कारखान्यात सेठपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे रोज दुपारी युद्ध सुरू करत आणि सहाच्या आत जिंकून घरी जात. पण आमच्या फाटकावर खरोखरच वाळूची पोती आली होती, आणि ओळखीच्या पहारेकऱ्यांच्या जागी नवीन आले होते.

चंदूकाका, म्हणजे आजीचा थोरला मुलगा, मला घेऊन फाटकावर गेले. तिथला हवालदार वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

“अंबरनाथ में भी तो शमशान है,” तो म्हणाला. “वहाँ ले जाइए. यहाँ अभी हालत ठीक नहीं.”

“उधर नाय,” काका म्हणाले. “उसका आदमी इधर है.”

हवालदाराने आत फोन केला, बराच वेळ ‘जी सर’ केलं आणि परवानगी आणली. बाराच माणसं, दोन तास, आणि नावांची यादी कार्बन घालून दोन प्रतींत.

यादी मी लिहिली. डोक्यावर ऊन होतं, घरी मयत होतं आणि हाताला सवय होती. एक नंबरला मी लिहिलं, सुंदराबाई हरिचंद्र भोईर. दोनला चंदू हरिचंद्र भोईर. अशी बारा नावं भरली. काकांनी ती वाचली, त्यांनाही काही खटकलं नाही. तिच्या नावाशिवाय सुरू होणारी यादी आमच्या घरात कोणी पाहिलीच नव्हती.

तिरडी घेऊन आलो तेव्हा पहाऱ्यावरच्या शिपायाने माणसं मोजली. आम्ही अकरा. त्याने तिरडीकडे पाहिलं, बारा म्हणाला आणि यादीतली नावं वहीत उतरवून वेळ टाकली.

आजोबांच्या शेजारी तिला ठेवलं. लाकडं वाळलेली होती, लवकर पेटली. काका रडले नाहीत. बांधावर बसून ते मला कुठून कुठपर्यंत आपलं शेत होतं ते दाखवत होते, आणि मला ते आधीपासून पाठ असूनही मी पाहत होतो. आयला जागा मिळाली, असं ते दोनदा म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना समाधानी पाहिलं ते तेवढंच.

परत फाटकावर आलो तर हवालदार वहीत बोट घालून उभा होता.

“बारह अंदर गए. ग्यारह बाहर.”

“एक नंबर आमची आय,” काका म्हणाले. “तिलाच जालून आलो.”

“मुझे पता है, चाचा. धुआँ मैंने भी देखा. रजिस्टर को नहीं पता.”

मी म्हटलं, चूक माझी आहे, नाव खोडून टाका. त्याने वही फिरवून दाखवली. पानांवर छापील नंबर होते आणि खाडाखोड करायची नाही असा हुकूम वर चिकटवलेला होता. हे दिवस असे, एक माणूस आत राहिला असं वहीत दिसलं तर सायरन वाजणार, सगळं रान तपासणार. तिच्या वतीने कोणीतरी बाहेर पडल्याची निशाणी करावी, एवढं त्याचं म्हणणं.

“लिव ना मग, आत हाय,” काका म्हणाले. “आतच हाय ती.”

“अंदर रहने की परमिशन किसी को नहीं है.”

काका फाटकाच्या आतच रस्त्याकडेला मातीत बसले. त्यांच्या मागे आम्हीही बसलो. घरी पुरुष परतल्याशिवाय चूल पेटत नाही, आणि बारकी पोरं सकाळपासून बिस्किटांवर होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण काकांना ऊठ म्हणायला कोणाची जीभ रेटेना. तासाभराने हवालदार स्वतः पाण्याचा जग घेऊन आला. तो काकांसमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, की पाचला दुसरी ड्यूटी येते. हिशोब जुळला नाही तर साहेब हा रस्ताच बंद करतील, मग लढाईचं सावट आहे तोवर गावातलं एकही मयत आत येणार नाही.

आमच्यात पदूआजा होते, ऐंशीचे, दम्याने बेजार. त्यांच्या बायकोलाही आजीच्या पलीकडच्याच बाजूला जाळलं होतं. काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि उठले.

“दस्तखत करती थीं?” हवालदाराने विचारलं.

“नाय,” काका म्हणाले.

त्याने शाईचा पॅड पुढे केला. काका मॅट्रिक झालेले, कंपनीत तीस वर्षं सही करून पगार घेतलेले. त्यांनी डावा अंगठा शाईत बुडवला आणि ‘बाहेर’ या खान्यात, एक नंबरच्या पुढे टेकवला. हवालदाराने वेळ लिहिली, चार चाळीस. मग फाटक उघडलं. मला त्या क्षणी स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटला. मला कोणी काही बोललं नाही, त्याचाही राग आला.

दारात विठाआत्या, काकांची बहीण, पायांवर घालायला पाणी घेऊन उभी होती. इतका उशीर का झाला हे तिने विचारलं नाही.

“आयला तिची जागा मिलाली ना, दादा?”

“मिलाली,” काका म्हणाले. “अन मंग मीच तिला भाईर काडली.”

आत्याला वाटलं, दुःखाने काहीतरी बरळतोय. तिने त्यांच्या पायांवर पाणी घातलं.