हौद्याचं अस्तर

"यातून काय नेता तुम्ही?" पिकअपच्या हौद्यात वाकून पत्र्यावरचे पोचे चाचपत कोटिंगवाल्याने विचारलं.

"नाजूक माल," गाडीचा मालक, सावकाश, म्हणाला.

"काच?"

"तसंच काहीसं."

"मग अस्तराला हा ट्रे घ्या." कोटिंगवाल्याने भिंतीला टेकवलेला काळ्या प्लास्टिकचा साचा थोपटला. "तयार येतो. हौद्यात बसवला, चार स्क्रू मारले की काम फत्ते. दुपारी गाडी घेऊन जा. दुसरा प्रकार स्प्रेचा. त्याला आधी पत्रा घासून काढायचा, मग जाड थर फवारायचा. गाडी इथंच ठेवावी लागेल. आणि एकदा मारला की मारला, जन्माची गाठ. तुमच्या या म्हाताऱ्या गाडीला कशाला हवा एवढा थाट? शिवाय ट्रेवर सामान काय झकास सरकतं! नुसता हात लावा, लोण्यासारखं आत जातं."

सावकाशचा चेहरा पडला. "सरकतं?"

"अहो, तोच तर फायदा."

सावकाश हे काही त्याचं नाव नव्हे. उभा जन्म त्याने लोकांची कपाटं, फ्रीज, आरसे या घरातून त्या घरात पोचवले, आणि कुठल्याही वस्तूला कधी ओरखडा येऊ दिला नाही. गिऱ्हाइकं चेष्टा करत, 'याला सामान दिलंत तर पोचेल नक्की, पण तोवर घर जुनं होईल.' त्यातून ते नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

टेकडीवरच्या वस्तीत शववाहिनी चढत नसे. रस्ता अरुंद, वळणं आवळलेली. त्यामुळे दवाखान्यात कुणी वारलं की वस्तीतले लोक सावकाशकडे येत. तो कधी नाही म्हणाला नाही. घरचं कुणीतरी मागे स्ट्रेचरला हात लावून बसे आणि तो पुढे जिवंत माणूस झोपला असावा अशी गाडी चालवी.

बायको गेली तेव्हा तिलाही त्यानेच आणलं. दुसऱ्या कुणाला बोलवावं हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. मुलगी मागे आईपाशी बसली. चढावरच्या वळणावर समोरून पाण्याचा टँकर आला. सावकाशने ब्रेक दाबला, अगदी हलकेच. पण पत्रा तो पत्राच. मागून खर्रकन आवाज आला आणि पाठोपाठ मुलीची किंकाळी.

"बाबा! आई हलली!"

दार उघडं टाकून तो धावला. हौद्यात चढला. डॉक्टरांचं चुकलं असणार. डॉक्टर झाले तरी माणसंच. त्याने बायकोला हाक मारली, तिच्या छातीवर कान ठेवला. टँकरवाला हॉर्न वाजवत होता, त्याला त्याने हातानेच गप्प केलं. कान लावून तो ऐकत राहिला. बराच वेळ. शेवटी मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, स्ट्रेचर सरकलं होतं."

दवाखान्यात गेलेली बायको त्या वळणावर दुसऱ्यांदा गेली.

त्यानंतर तो आवाज त्याच्या मागेच लागला. हौदा रिकामा असला तरी वळणावर ऐकू येई. घरात कुणी खुर्ची ओढली तरी तो दचकून उभा राही. आवाजापेक्षा वाईट म्हणजे त्याच्या मागोमाग येणारं ते एक क्षणभराचं खुळं सुख. दरवेळी छातीत काहीतरी उडी मारी आणि दरवेळी तोंडघशी पडे. मुलगीही त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नसे.

हौद्यात त्याने गादी घालून पाहिली. माणसासकट गादीच सरकू लागली. दोरीने बांधावं, तर माणसाला काय कपाटासारखं आवळायचं? मग तो सबबी सांगू लागला. गाडी बिघडलीय, पाठ धरलीय. अलीकडे एकदा अशीच थाप मारून तो रस्त्याच्या कडेला उभा होता, तेव्हा वस्तीतली चार माणसं एका म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन भर उन्हात चढ चढताना दिसली. मधूनच ती थांबत होती, खांदे बदलत होती. सावकाशने मान खाली घातली, आणि दुसऱ्या सकाळी गाडी इथं आणली.

"ट्रे नुसता ठेवा," तो आता कोटिंगवाल्याला म्हणाला. "स्क्रू नकोत. मी आत झोपतो. तुम्ही आवारात एक चक्कर मारा."

"झोपता? का हो, काका, बरं वाटत नाही का?"

"मारा तर खरं."

कोटिंगवाल्याने कपाळाला हात लावला, पण किल्ली घेतली. सावकाश ट्रेमध्ये उताणा पडला, हात अंगालगत सरळ ठेवले, डोळे मिटले. गाडी निघाली तसा तो हळूच मागे गेला, वळली तसा कडेला, आणि थांबली तेव्हा पुढच्या भिंतीवर त्याचं डोकं आपटलं. प्लास्टिकवर पाठ घासली. आवाज अगदी तोच नव्हता, त्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा.

"हा नको," तो उठून बसत म्हणाला. "स्प्रेवाली दाखवा."

स्प्रे मारलेली कोटिंगवाल्याची स्वतःचीच पिकअप कोपऱ्यात उभी होती. तिच्या हौद्यातला काळा थर हाताला खरखरीत लागत होता, मांजराच्या जिभेसारखा. सावकाश चढला आणि पुन्हा तसाच पडला.

"काका, एक विचारू? काच अशी आडवी नेतात का?"

सावकाशने डोळे उघडले नाहीत. "काच नाही. माणसं नेतो. गेलेली."

कोटिंगवाला खिशातली किल्ली चाचपत पुढे गेला. गाडीत बसला आणि त्याने आवाराची चक्कर मारली. आधी हळू, मग जरा जोरात, मग वळणावर मुद्दाम ब्रेक दाबून.

नेमकी तेव्हाच मुलगी स्कूटरवरून फाटकातून आत आली. गाडी ठेवावी लागली तर न्यायला ये, असं बापानेच तिला सांगितलं होतं. समोर उघड्या हौद्यात बाप ताठ पडलेला, डोळे मिटलेले, हात सरळ. स्कूटर तिच्या हातून आडवी झाली.

"बाबा!"

सावकाश ताडकन उठून बसला. त्याचे डोळे चमकत होते. "बघितलंस? हललो नाही मी! त्याने कसाही ब्रेक मारला, तरी बोटभरसुद्धा हललो नाही!"

ती हौद्याची कड धरून उभी राहिली. आधी तिला राग आला. मग तो काय म्हणाला ते तिच्या ध्यानात आलं आणि ती तिथंच रडू लागली.

"मी उगाच ओरडले त्या दिवशी," ती म्हणाली.

"वेडी आहेस. तू ओरडलीस म्हणून तर मला आणखी एकदा तिला हाक मारता आली."

कोटिंगवाला मोटरला काहीतरी झाल्यासारखा बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा होता. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "स्प्रेच मारू. कोपऱ्यांत दोन हात जास्त देतो."

पुढच्याच आठवड्यात वस्तीतून निरोप आला. एका माणसाची आई गेली होती. सावकाश गेला. मुलगा मागे आईजवळ बसला. चढ आला, वळणं आली, समोरून एक ट्रकही आला. मागून काही ऐकू आलं नाही. फक्त मधूनमधून कुणीतरी कुजबुजल्यासारखं.

घरी पोचल्यावर आईला आत नेलं. मग मुलगा परत बाहेर आला आणि त्याने सावकाशचा हात धरला. "काका, बरं झालं हो. वाटभर आईशी बोलत आलो."

"काय बोललात?"

"काही नाही, घरचंच. नळ दुरुस्त केला ते तिला सांगायचं राहिलं होतं."

सावकाशने मान हलवली. बायकोला आणलं त्या दिवशी तो पुढे होता, स्टिअरिंगवर. सगळी वाट तिच्याकडे पाठ करून.

घरी येऊन त्याने हौदा धुतला. खरखरीत थरात अडकलेलं पाणी उन्हात हळूहळू सुकू लागलं. मुलीने आतून जेवायला हाक मारली. "आलो," तो म्हणाला, पण हौद्यात चढून पाय खाली सोडून बसला. बायकोला काय काय सांगायचं राहिलं होतं ते आठवू लागला. मग शेजारी एका माणसाची जागा होईल एवढा तो बाजूला सरकला.