वाल्मिकआबांची डबल बेल

"ठेवा की वो बाई तिला अजून येक वरीस. काय बिघडंल?"

वाल्मिकआबांनी हे इतक्या सहज म्हटलं, की लिडियाबाईंना आधी वाटलं, आजोबा शाळेत विसरलेल्या छत्रीबद्दल बोलताहेत. वार्षिक परीक्षा संपली होती, पेपर तपासून झाले होते आणि बाई प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत, पोराला वर ढकला म्हणून हातापाया पडणारे पालक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. खाली ठेवा म्हणणारा हा पहिलाच.

"कुणाला ठेवू, आबा?"

"आमच्या ज्ञानेश्वरीला. माजी नात. चौथीतच ऱ्हाऊ द्या."

"अहो, वर्गात पहिली आलीय ती!"

"आली आसंल. पन कच्ची हाय वो अजून. वरीसभर आढीत ऱ्हायली तर पिकंल जरा."

"आबा, चौथीत कुणालाच मागं ठेवता येत नाही. तसा नियमच नाही."

"नियमाला सवलत आसती की. आमच्या यश्टीत बघा, म्हाताऱ्याला सवलत, बाईमानसाला सवलत, शाळंच्या पोराला सवलत. तुमच्यात येकबी न्हाई?"

बाईंनी हसू दाबायला रुमाल तोंडाशी नेला, तेवढ्यात दारात काहीतरी दाणकन आपटलं. पाण्याची बाटली होती ती. मागे ज्ञानेश्वरी उभी. तिने सगळं ऐकलं होतं. बाटली न उचलताच ती वळली आणि तरातरा निघून गेली.

आबांची सगळी हयात पाथर्डी डेपोत कंडक्टरकी करण्यात गेली. ते रिटायर झाले, मागोमाग बायको गेली, आणि मुलगा सुनील त्यांना शहरात, सावेडीच्या फ्लॅटवर घेऊन आला. सून पूजा स्वभावाने चांगली. म्हणजे जरा जास्तच चांगली, आबांना इकडची काडी तिकडे करू देत नसे. उठलं की "आबा, तुम्ही आराम करा," बसलं की "आबा, आराम करा." आराम करून करून आबांची कंबर धरली. पुढे ज्ञानेश्वरी पहिलीत गेली आणि तिला स्कूटरवरून शाळेत ने-आण करायचं काम आबांकडे आलं. त्या सकाळी त्यांनी फार दिवसांनी मिशीला कंगवा लावला. "ड्यूटीवर निघालो," असं सुनेला सांगून ते बाहेर पडले.

स्कूटरला त्यांनी एसटीचा कायदा लावला. मागे बसलेल्या ज्ञानेश्वरीने सीटवर एकदा थाप मारली की थांबायचं, दोनदा मारली की निघायचं. डबल बेल पडल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही, मग मागचे रिक्षावाले कितीही बोंबलोत. या कायद्यापायी शाळेच्या फाटकाशी रोज थोडी बोलाचाली व्हायची. तीही आबांना आवडायची.

पण ही शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी सुनीलने शहराबाहेरची मोठी शाळा पाहिली होती. तिची पिवळी व्हॅन थेट दारात येणार होती. "आबा, आता तुमची दगदग वाचली," सुनील कौतुकाने म्हणाला होता. "आता निवांत आराम करा." पुन्हा तोच शब्द. काय करावं, काय करावं म्हणून त्यांनी डोकं लढवलं, आणि लढवलेलं डोकं त्यांना सरळ लिडियाबाईंच्या टेबलाशी घेऊन आलं.

बाटली उचलून आबा बाहेर आले, तेव्हा ज्ञानेश्वरी स्कूटरवर तोंड फुगवून बसली होती. आबांनी किक मारली आणि ते बेलची वाट पाहू लागले. बेल पडेना.

"दे की बेल."

"नाही देणार."

"आगं, मागं गाड्या खोळंबल्यात."

ज्ञानेश्वरी खाली उतरली आणि पायी चालू लागली. आता दुसरा कोणी असता तर स्कूटर तिच्या बाजूने हळूहळू चालवत गेला असता. पण कायदा म्हणजे कायदा. आबांनी गाडी बंद केली आणि एप्रिलच्या रणरणत्या उन्हात ढकलत तिच्या मागून निघाले. पुढे नाकाचा शेंडा वर करून नात, मागे घामाघूम आजोबा.

"पेट्रोल संपलं का काय, आबा?" एका ओळखीच्याने गाडी थांबवून विचारलं.

"पेट्रोल हाय रं. बेल न्हाई," आबा म्हणाले. तो डोकं खाजवत गेला.

रसवंतीपाशी दोघांचेही पाय थांबले. आबांनी न विचारताच रस सांगितला. लिंबाखालच्या बाकड्यावर दोघं बसली. चरकाचे घुंगरू थांबले, ग्लास हातात आले.

"मी तुम्हाला आवडत नाही का?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"आसं कुटं आसतंय का?"

"मग मला नापास का करत होता?"

आबांनी जन्मभर पाशिंजरांना नाना थापा मारल्या होत्या. मागची गाडी रिकामीच येतेय, ही थाप तर रोजची. पण ज्ञानेश्वरीला त्यांनी खरं तेच सांगितलं.

"तू वर गेलीस की माजी ड्यूटी जाती, ज्ञानू. तुला व्हॅन नेनार. मग मी दिवसभर करू काय? आराम?" ते ग्लासातल्या बर्फाकडे पाहत राहिले.

ज्ञानेश्वरीने ग्लास रिकामा केला. ओठांवरचा फेस पुसला.

"मग मला आधी सांगायचं ना, आबा. मी पेपरात मुद्दाम चुकीचं लिहून आले असते."

आबांनी ग्लास खाली ठेवला. ही पोरगी खरंच लिहून आली असती. तेवढा जीव होता तिचा. आपण बाईंकडे काय मागायला गेलो होतो, ते त्यांना आता कुठे कळलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"न्हाई न्हाई. तसं कदी करायचं न्हाई. कुनासाठीबी न्हाई, माज्यासाठी तर न्हाईच. तुजा आबा येडा झाल्ता, बाय."

"लई?"

"लई."

ज्ञानेश्वरी उठून स्कूटरवर बसली आणि तिने सीटवर दोनदा सणसणीत थाप मारली.

घरी ती बाईंच्या टेबलाबद्दल चकार शब्द बोलली नाही. फक्त जेवताना म्हणाली, "आबांनी उसाचा रस प्यायला. बर्फ घालून." त्यावर पूजाने आबांच्या शुगरचा जो उद्धार केला, तो भात येईपर्यंत चालला.

मेच्या पहिल्या आठवड्यात नव्या शाळेने नव्या मुलांसाठी ओळखवर्ग ठेवला होता. सकाळी व्हॅन दारात आली. आबांनी आधी चारही टायर लाथ मारून तपासले, मग ड्रायव्हरला लायसन विचारलं. त्याने ते निमूट दाखवलं. वर गॅलरीत सुनील आणि पूजा हात हलवत होते. ज्ञानेश्वरी खिडकीशी बसली. आबांनी दार ओढून घेतलं, व्हॅन जराशी सरकली आणि त्यांचा पंजा पत्र्यावर पडला.

एकदाच पडला.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. "काय झालं, आबा?"

पोरं माना वळवून बघू लागली. काय झालं ते एकट्या ज्ञानेश्वरीला कळलं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "सिंगल झाली."

"व्हय. कोपर आत घे, म्हनून दिली."

आतच असलेलं कोपर ज्ञानेश्वरीने आणखी आत घेतलं.

मग आबांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. ड्यूटीवर मारत तशीच, खणखणीत. व्हॅन निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली. डबल बेल दिली आणि आपण खालीच राहिलो, असं आबांच्या आख्ख्या हयातीत पहिल्यांदाच झालं होतं.