चार बोटं लोखंड

डॉक्टरबाईंनी त्याच्या खांद्यावर थाप मारली, तेव्हा गर्डर कापून व्हायला जेमतेम चार बोटं उरली होती. त्याने ज्योत बाजूला घेतली आणि काळा चष्मा कपाळावर चढवला.

"थांबा आता. मी सांगेपर्यंत कापायचं नाही."

"बाई, दोन मिनिटांचं काम राहिलंय."

"म्हणूनच थांबा."

आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. पण त्यांनी स्वतःच हात पुढे करून ऑक्सिजनची चावी दाखवली. त्याने ती बंद केली. फुत्कार थांबला आणि एकाएकी गोदामातली सगळी माणसं ऐकू यायला लागली.

लोखंडाच्या गोदामातली गर्डरांची थप्पी सकाळी अकराला कोसळली होती. क्रेन चालवणारी बाई साखळी तपासायला खाली उतरली होती, नेमकी तेव्हाच. एक गर्डर तिच्या दोन्ही मांड्यांवर आडवा आला आणि त्याच्या टोकांवर बाकीची रास टेकली. उचलायला जावं तर रास घसरणार. दोन्ही बाजूंना कापून मधला तुकडा काढणं एवढाच मार्ग होता. अग्निशमन दलाचं यंत्र मोटारींचे पत्रे कापायचं, या जाडीपुढे त्याने मान टाकली.

तो मात्र नेमका त्याच दिवशी अग्निशमन केंद्रावर आपला कटर दाखवायला आला होता. पाठीवर घ्यायची ऑक्सिजनची टाकी, एक छोटी पेट्रोलची टाकी, हातात धरायची नळी. वीस वर्षं तो हाच माल विकत होता. 'वीज नको, गाडी नको, माणूस चालत जाईल तिथे लोखंड कापेल' हे तो झोपेतही म्हणाला असता. कॉल आला आणि केंद्रप्रमुखाने त्याला मशीनसकट गाडीत घातलं. आजवर त्याने भंगारातले तुकडे कापून दाखवले होते. जिवंत माणसाशेजारी बसून कापायची ही पहिलीच वेळ. पहिली बाजू कापताना तिच्या अंगावर टाकलेल्या ओल्या घोंगडीवर पडणाऱ्या प्रत्येक ठिणगीला त्याचा श्वास अडकत होता.

"तीन तास मांड्या दबल्यात," डॉक्टरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "आतले स्नायू मरतायत. त्यांचं विष सध्या तिथेच अडकून आहे. वजन निघालं की ते एकदम रक्तात सुटेल. हृदय थांबू शकतं. आधी सलाईन जाऊ दे."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं तरी."

त्याने गर्डरकडे पाहिलं. कापलेली कड अजून लाल होती.

गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडून क्रेनवाल्या बाईचा धाकटा भाऊ आत घुसला. तो याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याने सरळ कटरवाल्याची कॉलर धरली.

"हात का थांबवला रे? मशीन काय शोभेला आणलंय? काप!"

"डॉक्टरांनी..."

"ताई तिथे मरतेय आणि तू बसून राहतोस?"

दोन जवानांनी त्याला मागे ओढलं. गर्दीतून कोणीतरी शिवी हासडली. कटरवाल्याने शर्ट नीट केला नाही. तो बाईच्या डोक्यापाशी जाऊन उकिडवा बसला.

तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे टक्क उघडे होते.

"काय काका, पेट्रोल संपलं का?"

"नाही गं पोरी. डॉक्टर म्हणतायत, जरा दम खा."

"मी तर सकाळपासून आडवीच आहे." ती हसायला गेली आणि ओठ चावून थांबली. "काहीतरी बोला. गप्प बसू नका."

बोलणं हा तर त्याचा धंदा. प्रत्येक ठिकाणी सांगायचा तोच किस्सा त्याने काढला. त्याच्या एका गिऱ्हाइकाकडे, जहाजं तोडायच्या आवारात, एक कामगार पोलादी पट्ट्याखाली अडकला होता. पाच तास. कोणाला काही सुचेना. मग फोरमनने हाच कटर आणला आणि चार मिनिटांत माणूस मोकळा!

"चार मिनिटांत," तो पुन्हा म्हणाला. "स्ट्रेचरवरून त्याने अंगठा वर केला. फोटो आहे माझ्याकडे. आमच्या माहितीपत्रकावर छापलाय."

डॉक्टरबाई सलाईनची दुसरी पिशवी लावत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "आणि नंतर?"

"नंतर काय?"

"नंतर कसा होता तो?"

हा किस्सा त्याने तीन-चारशे वेळा तरी सांगितला असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, किंमत विचारली होती, टाकी किती पुरते ते विचारलं होतं. हे कोणीच विचारलं नव्हतं. त्याने स्वतःसुद्धा.

डॉक्टरबाईंनी आता वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा नळीकडे लक्ष घातलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

अडकलेल्या बाईने मान त्याच्याकडे वळवली. "बरं झालं खरं बोललात," ती म्हणाली. "मघापासून जो तो म्हणतोय, काही झालं नाही, काही झालं नाही." मग तिने हात लांब केला आणि त्याचा हातमोजा घट्ट धरला.

चाळीस मिनिटं ती तशीच धरून होती. बाहेरून भावाचा आवाज येत होता. हळूहळू तो आवाज घोगरा झाला, मग बसला.

"आता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

चार बोटं लोखंड दीड मिनिटात कापलं गेलं. जवानांनी तुकडा उचलला. बाईने एक लांब श्वास सोडला आणि तिची मान कलंडली. हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या छोट्या पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली. डॉक्टरबाईंनी सुई टोचली, मग दुसरी. रेघ हळूहळू सावरली आणि जवानांनी तिला पळतच रुग्णवाहिकेकडे नेलं.

केंद्रप्रमुखाने कटरवाल्याची पाठ थोपटली. त्याला ते कळलंही नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एकच बाक होता. एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला कटरवाला. तो का आला हे भावाने विचारलं नाही. त्यालाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने तो उठून खिडकीपाशी गेला आणि त्याने जहाजं तोडायच्या त्या आवारातल्या फोरमनचा नंबर शोधला.

"तो अडकलेला माणूस," त्याने विचारलं, "कसा आहे आता?"

"कोण? तो?" फोरमन गोंधळला. "अहो, तो तर गेला. चौथ्या दिवशी."

"गेला?"

"लघवीच बंद झाली त्याची. किडन्या बसल्या म्हणाले. तुमच्या ऑफिसात कळवलं होतं की आम्ही."

"पण फोटोत..."

"फोटो लगेचचा आहे, साहेब. तेव्हा तो बोलत होता, चहा मागत होता."

फोन बंद झाल्यावरही तो कानाशी धरूनच उभा राहिला. मग भिंतीला टेकला.

"काय झालं?" भावाने विचारलं. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, भीती होती.

त्याने सांगितलं, काही न लपवता. भाऊ ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्याने बाकावर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली.

डॉक्टरबाई एकदा बाहेर आल्या. उजवा पाय वाचेल, डाव्याचं आताच सांगता येत नाही. "मला पायांची काळजी नाही," त्या म्हणाल्या. "लघवी व्हायला हवी. अजून एक थेंबही नाही."

त्यानंतर दोघं नुसते त्या दाराकडे बघत बसले. कोणी पांढऱ्या कपड्यातलं बाहेर आलं की दोघंही एकदम उठत आणि एकदम बसत. भेटीची वेळ झाली, माणसं डबे घेऊन आली, वेळ संपल्यावर गेली. भावाने कुठूनतरी दोन चहा आणले. कोणीच प्यायलं नाही.

खिडकीबाहेर दिवे लागले तेव्हा एक नर्स बाहेर आली. "क्रेनवाल्या बाईंचे कोण?"

दोघंही उठले.

"झाली लघवी. कोऱ्या चहासारखी काळी आहे, थोडीच आहे. पण झाली. येतेय अजून."

"झाली?" भाऊ इतक्या मोठ्याने ओरडला की पलीकडच्या आजीबाईंनी दचकून पदर सावरला. त्याने लगेच फोन लावला.

"आई, ताईला लघवी झाली... अगं लघवी! हो, हो, चांगलीच बातमी आहे ही... रडू नकोस ना." स्वतः तो ढसाढसा रडत होता. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. त्याने डोळे पुसले आणि बाकाकडे वळून पाहिलं.

"हो," तो म्हणाला, "तेच, कापणारे. इथेच आहेत ते. गेले नाहीत."