पुढचा शनिवार

मित्रांनो, शिकंजा म्हटलं की तुम्हाला वर्कशॉपमधला टेबलाला ठोकलेला अवजड गडी आठवेल. मीही शिकंजाच आहे, म्हातारा, पण त्या गड्यांचा फक्त लांबचा नातेवाईक. माझी उंची वीतभर. माझ्या दोन जबड्यांत मावतो तो एक बारीक गळ. त्या गळावर दोरा, पिसं आणि सशाचे केस गुंडाळून बायका खोटी माशी बांधतात. ती पाण्यावर टाकली की ट्राउट मासा खरी माशी समजून तिच्यावर झेप घेतो. घेतो म्हणे. आमच्या कारखान्यातल्या एकाही बाईने ते कधी पाहिलं नव्हतं.

केनियातल्या न्येरी गावच्या एका लोहाराने मला जुन्या ट्रकच्या स्प्रिंगमधून घडवलं. त्याने मला इतकं घासलं की नको नको झालं, पण त्यामुळेच बावीस वर्षांत माझ्या पकडीतून एकही गळ निसटला नाही. मला विकत घेतलं वामाइथाने. ती दिवसाला पाच डझन माश्या बांधायची आणि त्या समुद्रापलीकडे जायच्या. एकदा परदेशातून एक खरेदीदार आला. वामाइथाची माशी उजेडात धरून तो म्हणाला, "वा! अशी सफाई मी कुठेच पाहिली नाही." वामाइथाने भीतभीत विचारलं, "पण साहेब, मासा खरंच फसतो का हो?" तो नुसता हसला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

ते हसू तिला लागलं. दुपारी जेवताना ती म्हणाली, "बावीस वर्षं मक्याच्या पिठाची उगाली घोटतेय, पण जेवणारा एकदाही दिसला नाही. आपण जाऊया गं नदीवर. सगळ्या मिळून."

बेत तिथेच, मका-घेवड्याच्या गिथेरीचा डबा मध्ये ठेवून ठरला. ओळखीच्या गिचोही आजोबांनी उभी हयात गुरा नदीवर पाहुण्यांच्या गळकाठ्या वाहिल्या होत्या. त्यांच्याकडे दोन जुन्या काठ्या होत्या आणि परवाना काढायचंही त्यांनी कबूल केलं. सकाळी काठावर बसून प्रत्येकीने आपापल्या शिकंज्यावर मनासारखी एक माशी बांधायची, दुपारी ती पाण्यात टाकायची. कुस्करलेल्या बटाट्याचा मुकिमो शेजारच्या टेबलावरच्या वांगुईकडे, चहा न्योकाबीकडे. वांगुईच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "माझी माशी बघून मासा स्वतःच डब्यात येऊन बसेल. तुम्ही फक्त मीठ आणा." न्योकाबी वामाइथाची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि आता कारखान्यात माल तपासणारी. तिने शनिवार नक्की केला.

आता जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगतो. वामाइथाची नजर चालली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही फार दिवसांची नाही. दुसऱ्या दिवशी माझा स्क्रू आवळताना ती पुटपुटली, "एकदा बघू दे रे. मग काय व्हायचं ते होऊ दे." पण तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती. जिचे डोळे अधू, तिचं टेबल दुसरीला, असा तिथला नियम होता, आणि तसं वर कळवायचं काम न्योकाबीचं होतं.

मग पाऊस लागला. नदी लाल झाली. आजोबा म्हणाले, "गढूळ पाण्यात माशाला माशी दिसायची नाही." पुढच्या शनिवारी वांगुईच्या भाचीची सोयरीक ठरायची बैठक निघाली. त्याच्या पुढच्या शनिवारी मोठी ऑर्डर आली.

"ह्याच शनिवारी जाऊया गं," वामाइथा म्हणाली. "ऑर्डर सोमवारी करू."

"एवढी कसली घाई?" न्योकाबी हसली. "नदी काय उठून मोम्बासाला चाललीय?"

"तिथे कुणी म्हातारा हेरून ठेवला असेल हिने," वांगुई म्हणाली. सगळ्या खिदळल्या. वामाइथाही हसली. तिची बोटं मात्र माझ्याभोवती घट्ट आवळली होती.

शनिवार गेले, महिने गेले. वामाइथा आता बोटांनीच काम करायची. दोऱ्यांची रिळं तिने एका ठरावीक क्रमाने मांडली होती. एकदा वांगुईने ती उसनी नेली आणि परत ठेवताना क्रम चुकवला. त्या दिवशी काळ्याऐवजी लाल दोऱ्याच्या दोन डझन माश्या तयार झाल्या. मी ओरडलो असतो, पण मला आवाज कुठे आहे? न्योकाबीने त्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "अगो बाई, ह्या सगळ्या लग्नाला निघाल्यात का?" असं का झालं ते न विचारताच माल बाजूला टाकून ती पुढे गेली. माझा त्या बाईवर अजून राग आहे.

शेवटी एक शनिवार उजाडला. पाणी स्वच्छ होतं. काठावर सगळ्यांचे शिकंजे मांडले गेले. वामाइथाने माझ्यावर एक लहानशी तपकिरी माशी बांधली. इतकी देखणी माशी मी जन्मात धरली नव्हती. दुपारी आजोबांनी पहिल्यांदा तीच पाण्यावर सोडली. माशी तरंगत खडकाशी आली आणि पाणी फुटलं. चांगला हातभर मासा पाठ दाखवत वर आला, माशी गिळली आणि दोरी तोडून गेला.

"बघितलंस? वामाइथा, बघितलंस का?" वांगुई नाचायला लागली.

"बघितलं गं!" वामाइथा टाळ्या पिटत म्हणाली. "काय सुंदर आला!"

न्योकाबीने हसत तिच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू विरलं. वामाइथाचं तोंड नदीकडे नव्हतंच. ती वांगुईच्या आवाजाकडे, झाडीकडे बघत होती.

"कुठे बघतेयस तू?" न्योकाबीने हळूच विचारलं.

वामाइथाचे हात थांबले. "कुठेच नाही," ती म्हणाली. "गेल्या पावसानंतर अंधारच आहे सगळा."

"मला सांगायचं नाही?"

"तुलाच कसं सांगू? तूच माझं टेबल काढून घेतलं असतंस."

न्योकाबी तिच्याशेजारी बसली. "मी नसतं काढलं गं," ती म्हणाली, पण तसं तिलाही खात्रीने म्हणता येईना. आजोबांनी काठी गुंडाळली. मुकिमोला कुणी हात लावला नाही.

वामाइथाने सोमवारी टेबल स्वतःच सोडलं. मी आता तिच्या खिडकीत असतो. माझे जबडे गंजून चिकटलेत. अधूनमधून ती मला चाचपते आणि मासा कसा आला होता ते शेजारच्या पोरींना सांगते. दर वेळी वेगळं सांगते, कारण तिने तो पाहिलेलाच नाही. मला ते ऐकवत नाही.

मित्रांनो, मला तेल घाला, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझं आता काय राहिलंय? पण तुमच्यातलं कुणी एखाद्या साध्या गोष्टीसाठी 'ह्याच शनिवारी' म्हणून हट्ट धरून बसलं, तर थट्टा करू नका. त्याला बाजूला घ्या आणि विचारा. आणि विचारण्याआधी, त्याला खरं सांगायची भीती वाटेल असे तुम्ही आहात का, तेवढं एकदा तपासून बघा.